चंद्रास्ताचा रकाना

आमच्या छापखान्यात सगळे तिला धाकटी म्हणायचे. मी बाइंडिंगला लागले तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, जाड भिंगांचा चष्मा, हाताखाली दोन माणसं, तरीही धाकटीच. मालकसुद्धा तशीच हाक मारायचे. "धाकटे, तो फर्मा झाला का?" म्हटलं की नवं गिऱ्हाईक एखादी शाळकरी पोर पुढे येईल म्हणून बघत राहायचं आणि यायची ही, शाईने काळी झालेली बोटं फडक्याला पुसत.

हे नाव तिला थोरलीमुळे पडलं. थोरली तिची बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा. थोरलीने चौथीत शाळा सोडली आणि धाकटीला दहावीपर्यंत शिकवलं. ते कसं, तर शिंपल्या वेचून. आमच्या गावाचा समुद्र उथळ आहे. ओहोटीला पाणी मैलभर आत जातं, मागे चिखल राहतो आणि त्या चिखलात शिंपल्या. थोरली उंच, हाडापेराने मजबूत. तिचा आवाज असा, की ती धक्क्यावर हसली तर बाजारात कळायचं. नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही. "बुडाला असता तर रडले असते," ती म्हणायची, "पण तो तर दुसऱ्या बंदरात दुकान टाकून बसलाय!" आणि पुन्हा हसायची. एक मुलगी होती, सोळा वर्षांची. मुलगी मात्र मावशीसारखी, कमी बोलणारी.

धाकटी जुळारी होती. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, खणातून एकेक उचलायचे, उलटे वाचायचे, ओळ भरली की घट्ट बसवायची, हे तिचं काम. तिचा हात इतका साफ होता की मालक प्रूफ वाचायचं नाटक तेवढं करायचे. तिचं एकच वाईट, चुकलं म्हणायला जीभ वळत नसे. चूक फारशी होतही नसे, त्यामुळे जिभेला सवयच नव्हती.

दरवर्षी आमच्याकडे भिंतीवरचं कॅलेंडर छापलं जायचं, बारा पानांचं. वर मोठ्या तारखा आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ता. सूर्य केव्हा उगवतो, केव्हा मावळतो, चंद्र केव्हा उगवतो, केव्हा मावळतो. तो तक्ता बहुतेक घरांत कुणी बघत नसे. शिंपलेवाल्या बघायच्या. आमच्या किनाऱ्यावर हिशोब असा आहे, की चंद्र उगवताना आणि मावळताना पाणी सगळ्यांत आत गेलेलं असतं. त्या घटकेला पाणी फिरतं. बाया आधी दीड-दोन तास चिखलात उतरतात आणि ती घटका आली की टोपली उचलून परत निघतात. परतीच्या वाटेवर एक चर आहे. भरतीचं पाणी समोरून येण्याआधी त्या चरातून मागून शिरतं. वेळेवर निघालात तर चरात गुडघाभर पाणी. तासभर उशीर केलात तर डोक्यावरून. आभाळ मोकळं असलं की चंद्र डोळ्यांनी दिसतोच, दिवसासुद्धा. नसलं की कॅलेंडर.

चंद्राचे आकडे एक निवृत्त गणिताचे मास्तर काढून द्यायचे. ते तारखा लिहीत नसत, नुसते आकडे एकाखाली एक, पेन्सिलीने. आधीच्या म्हाताऱ्या जुळाऱ्याला त्यांची लिपी पाठ होती. त्या वर्षी म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी दगा दिला आणि तक्ता धाकटीकडे आला. तिला कोण आनंद! चार दिवस मला सांगत होती, "या साली ताईच्या भिंतीवर माझा तक्ता लागणार."

पहिल्या महिन्याचं पान तिने संध्याकाळी जुळवायला घेतलं. मास्तरांच्या कागदावर चंद्रास्ताच्या रकान्यात वरून आठव्या जागी एक आडवी रेघ होती. पेन्सिलीच्या अशा पुसट खुणा त्या कागदावर जागोजाग होत्या. ही त्यांतलीच एक समजून ती पुढच्या आकड्यावर गेली. खाली पोचली तर एकतीस घरं आणि आकडे तीसच. चंद्रोदयाच्या रकान्यातही तसंच, तिथे रेघ बाविसाव्या जागी. मास्तर शेवटचा दिवस लिहायला विसरले असं तिला वाटलं. विचारायला जावं तर मास्तर तापाने अंथरुणावर. मशीनवाला खोळंबलेला, मालक दारात उभे. "अजून किती? कागद सादळतोय."

चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो-जातो, एवढं तिला शाळेपासून माहीत होतं. तिने तिसाव्या आकड्यात पन्नास मिनिटं मिळवली, दोन्ही रकान्यांतलं शेवटचं घर भरलं आणि जुळवलेल्या पानाचा फर्मा मशीनवर दिला. रात्रीतून पाच हजार पानं निघाली.

दुसऱ्या महिन्याचं पान घेतलं तेव्हा पुन्हा तीच रेघ. तोवर मास्तर बरे होऊन छापखान्यात आले होते. तिने विचारलं, "मास्तर, ही रेघ कसली?"

"त्या दिवशी चंद्र मावळत नाही, म्हणून रेघ."

"मावळत नाही म्हणजे?"

मास्तर खुश झाले. निवृत्त माणसाला कुणी प्रश्न विचारला की दिवाळं निघालेल्या दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखं होतं. "असं बघ," ते म्हणाले, "आज चंद्र रात्री बारा वाजायला वीस मिनिटं असताना मावळला. पुढचं मावळणं पन्नास मिनिटं उशिरा, म्हणजे साडेबाराला. पण उद्याचे साडेबारा वाजतील तेव्हा उद्या संपून परवा लागलेला असेल. मग उद्याच्या तारखेच्या वाट्याला काय आलं? काहीच नाही. महिन्यातून एकदा मावळण्याचं असं होतं, एकदा उगवण्याचं. ते घर मोकळं सोडायचं. नाहीतर खालचे सगळे आकडे एकेक घर वर सरकतात."

मी पलीकडे पानं मोजत होते. धाकटी उठली आणि वाळत घातलेल्या पानांसमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं, शाई बघतेय. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला पुढे पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आठ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत चंद्रास्ताचा प्रत्येक आकडा दुसऱ्या दिवसाचा होता. प्रत्येक आकडा पन्नास मिनिटं उशिराचा.

मालकांना सांगायला हवं होतं. मालक ओरडले असते, कागदाचे पैसे कापले असते, फार तर महिनाभर टोमणे मारले असते. ती सांगणारही होती. पण त्याच दुपारी मालक दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "आमची धाकटी! तिच्या हातून टिंबसुद्धा सुटत नाही." आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. तिने स्वतःची समजूत घातली, तो रकाना वाचतं कोण? आणि ताई वाचते, तर ताईला आपण घरी जाऊन सांगू. तिच्या पानावर पेनाने दुरुस्त करून देऊ.

गेली. कॅलेंडरची गुंडाळी घेऊन नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी थोरलीच्या घरी गेली. खिशात पेन होतं. थोरलीच्या घरी तेव्हा काकू बसली होती. काकू म्हणजे शिंपलेवाल्यांतली सगळ्यांत जुनी बाई, सगळ्या किनाऱ्याची काकू. थोरलीने कॅलेंडर उलगडलं, खिळ्याला अडकवलं आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं.

"काकू, हे बघ. हा खालचा सगळा चंद्र माझ्या धाकटीने जुळवलाय. मला धड वाचता येत नाही आणि माझ्या बहिणीने आभाळ छापलंय!"

काकू म्हणाली, "पोर गुणाची हो."

धाकटी खिशातल्या पेनाला हात लावून बसून राहिली. चहा झाला, काकू गेली, थोरलीच्या मुलीने दिवा लावला. आता सांगू, मग सांगू. शेवटी ठरवलं की आठ तारखेला अजून अवकाश आहे, तोवर एकदा येऊ आणि गुपचूप दुरुस्त करू. दोन तारखेला छापखान्यात लग्नपत्रिकांचं मोठं काम आलं. पाच तारखेला तिला सर्दी-ताप झाला. आणि आठ तारीख गेली तरी काही झालं नाही. कारण आठ ते पौर्णिमा चंद्र मावळतो तो मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे, आणि अंधारात बाया चिखलात उतरत नाहीत. त्या आठवड्यात त्या दुपारच्या ओहोटीला जात होत्या, चंद्र उगवायच्या वेळेवर, आणि उगवतीचा रकाना एकवीस तारखेपर्यंत बरोबर होता. काही होत नाही म्हटल्यावर माणसाला वाटतं, काही होणारच नाही.

पौर्णिमा झाली. पौर्णिमेनंतर चंद्र सकाळी उजाडल्यावर मावळायला लागतो, तेव्हा बाया सकाळी जातात. शिवाय त्या दोन-तीन दिवसांत ओहोटी सगळ्यांत लांबची आणि भरती सगळ्यांत जोराची. सतरा तारखेला धुकं इतकं दाट होतं की माझ्या घरातून समोरचा नळ दिसत नव्हता. त्या दिवशी चंद्र आठ वाजून दहा मिनिटांनी मावळणार होता. कॅलेंडरात छापलं होतं नऊ.

थोरली, काकू आणि आणखी एक बाई अशा तिघी गेल्या. काकू आणि ती बाई चराच्या जवळच वेचत होत्या. थोरली नेहमीसारखी लांब, जिथे शिंपल्या मोठ्या मिळतात तिथे. काकूने नंतर सांगितलं, की साडेआठच्या सुमाराला घोट्याभोवतीचं पाणी उलटं ओढायला लागलं. तिने धुक्यात हाक मारली.

"अगं ए, निघ! पाणी फिरलं!"

आतून थोरलीचा आवाज आला, "नऊला अवकाश आहे, काकू! घड्याळ आहे माझ्याकडे. तुम्ही व्हा पुढे!"

काकूने आणखी दोन हाका मारल्या आणि चर ओलांडला. तिच्या कमरेला पाणी लागलं. पलीकडे उभं राहून दोघी हाका मारत राहिल्या, म्हणजे थोरलीला दिशा कळावी. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, मग जवळून आलं, मग एकदा तिने मुलीचं नाव घेतलं आणि मग आलं नाही. दुपारी धुकं फाटलं. संध्याकाळी ओहोटीला ती चरातच सापडली.

छापखान्यात निरोप आला तेव्हा धाकटी खिळे खणात परत टाकत होती. तिने पूर्ण मूठ जमिनीवर सांडली. तिच्या हातून खिळे सांडलेले मी पहिल्यांदा पाहिले. निरोप आणणाऱ्याला तिने एकच विचारलं, "किती वाजता?" तो म्हणाला, "नऊच्या आसपास." आम्हाला वाटलं, दुःखाने माणूस काहीही विचारतो.

पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, भरतीत अडकून मृत्यू. लोकांनी आपला वेगळा पंचनामा केला. नळावर, बाजारात, जिथे तिथे एकच. "बाई चांगली होती, पण हाव नडली." "काकूने हाका मारल्या तरी निघेना." "अजून चार शिंपल्या, अजून चार." काकू एक-दोनदा म्हणाली, की तिने कॅलेंडर बघूनच वेळ धरली होती. त्यावर मासळीवाला म्हणाला, "पाच हजार घरांत कॅलेंडर आहे, कुणाची तक्रार नाही. मेलेल्या माणसाची चूक कागदावर कशाला ढकलता?" मग काकूही गप्प बसली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

थोरलीची मुलगी मावशीकडे राहायला आली. एक पेटी, शाळेचं दप्तर आणि गुंडाळलेलं ते कॅलेंडर. एवढंच सामान. खोली एकच होती, धाकटीने पडदा लावून तिला अर्धी दिली. मुलगी रडत नव्हती. महिना संपायच्या आत एका संध्याकाळी तिने कॅलेंडर उलगडलं आणि म्हणाली,

"मावशी, आई हावरट नव्हती."

"नव्हतीच."

"ती नऊला निघणार होती. इथे नऊच लिहिलंय. मग एकतर आई खोटी नाहीतर हे खोटं. मी बघणार आहे. पुढचा महिनाभर रोज चंद्र उगवताना आणि मावळताना बघून लिहिणार. हे चुकीचं असेल तर पुढच्या पानावरही चुकीचंच असेल ना? मग सगळ्यांच्या तोंडावर मारीन. तू येशील बरोबर? तुला यातलं कळतं."

इथे तरी सांगायचं. मी धाकटीला हेच म्हणाले, जेव्हा तिने मला सगळं सांगितलं तेव्हा. ती म्हणाली, "मी तोंड उघडलं होतं गं. आणि तोंडातून निघालं, येईन."

तो महिना त्या दोघींनी चंद्रामागे काढला. पहिल्या तारखेला सूर्य बुडाल्यावर धक्क्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. पश्चिमेला नखाएवढी कोर, तीही असून नसल्यासारखी. ती पाण्याला टेकली तेव्हा मुलीने आईचं घड्याळ बघितलं आणि वहीत वेळ लिहिली. कॅलेंडरशी ताडून पाहिली. चार मिनिटांचा फरक. "धुरकट होतं," मुलगी म्हणाली, "उद्या नीट बघू." दुसऱ्या दिवशी कोर जरा जाड, जरा वर, आणि तासभर उशिरा मावळली. तीन मिनिटांचा फरक. रोज असंच. शाळा, छापखाना, चूल सगळं आटपून दोघी धक्क्यावर, अंगावर शाली, मधे वही. येणारे-जाणारे बघायचे. कुणी म्हणालं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, आणि मावशी तिला लाडाने साथ देतेय.

सात तारखेला चंद्र बरोबर अर्धा झाला. दुपारी बाराच्या सुमाराला पाण्याच्या टाकीमागून वर आला, फिक्का, धुतलेल्या कपड्यावर राहिलेल्या डागासारखा. मुलीने पानावर बोट ठेवून विचारलं, "मावशी, आज मावळतीच्या रकान्यात नुसती रेघ का?"

धाकटीने सांगितलं. मास्तरांनी सांगितलं होतं तसंच, वीस मिनिटं, साडेबारा, उद्या, परवा. मुलीने लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "तुला किती येतं गं." मागच्या महिन्याचं पान तेव्हा फाडून पेटीत ठेवलेलं होतं. मुलीने ते काढून बघितलं असतं तर तिला तिथे कुठेच रेघ दिसली नसती. तिने काढलं नाही. धाकटी म्हणाली, मी मनात म्हणत होते, काढ, काढ. माझ्या तोंडाने नको, तुझ्या डोळ्यांनी तरी.

चंद्र भरत गेला. दुपारी उगवायचा तो संध्याकाळी उगवायला लागला. पौर्णिमेला सूर्य इकडे बुडाला आणि चंद्र तिकडे टाकीच्या वर आला, तांबूस, मोठा. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मुलीने फक्त घड्याळ बघितलं. दोन मिनिटं. तिची वही आता बरीच भरली होती आणि ती दिवसेंदिवस कमी बोलायला लागली होती. रात्री पडद्यापलीकडून पानं चाळल्याचा आवाज यायचा.

सोळा तारखेची सकाळ. आभाळ स्वच्छ होतं. आई गेली त्या सकाळी होता तेवढाच चंद्र, एका बाजूने किंचित झिजलेला, उन्हात पांढरा पडून समुद्रावर खाली खाली जात होता. खाली चिखलात बाया वेचत होत्या. चंद्र टेकायला आला तशा काकूने हाक दिली आणि सगळ्या निघाल्या. चर गुडघाभर. मुलीने शेवटच्या बाईचे पाय कोरड्यात येईपर्यंत बघितलं. मग वेळ लिहिली, कॅलेंडरच्या आकड्याशी लावली आणि वही मिटली.

"एका मिनिटाचाही फरक नाही," ती म्हणाली. "कॅलेंडर बरोबर आहे, मावशी. मग आईच चुकली. लोक म्हणतात तेच खरं. चार शिंपल्यांसाठी..." आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा तिचा बांध फुटला. "मी तिच्यावर चिडलेय, मावशी. मेलेल्या माणसावर कुणी चिडतं का?"

धाकटीने तिचे दोन्ही हात धरले. मुलीला वाटलं, जवळ घेतेय.

"पहिलं पान चुकलंय. हे बरोबर आहे, पहिलं चुकलं होतं. मी जुळवलं. रेघ सोडली आणि आकडे वर सरकले. सतराला आठ वाजून दहा होते, नऊ नव्हते."

"तुला कधी कळलं?"

"छापल्यावर आठ दिवसांनी."

मुलगी बोटं मोजावीत तशी थांबली. "म्हणजे कॅलेंडर आमच्या घरी आणलंस त्याच्या आधी."

"हो."

"तुझ्या खिशात पेन होतं. तू सारखी हात लावत होतीस. मी पाहिलं होतं."

"हो."

मुलीने हात सोडवून घेतले. ओरडली नाही. वही उचलली, धक्क्यावरून खाली उतरली आणि बायांच्या मागोमाग काकूच्या घराकडे चालायला लागली. धाकटी तिथेच बसून राहिली. छापखान्यात त्या दिवशी ती अकरा वाजता आली, थेट मालकांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

मालक आधी समजेचनात. समजलं तेव्हा त्यांनी उठून दार लावलं, पण आवाज कुठे लपतो? "आता सांगतेस? आता सांगून बाई परत येणार आहे का? झालं ते झालं. गप्प बस. तुझीही नोकरी राहील, माझंही नाव राहील."

"मुलीला सांगितलंय."

"मग तू घरीच बस," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सांगितलं की जुळारीण बेजबाबदार निघाली, म्हणून काढली. प्रूफ कुणी वाचलं होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मला पोरंबाळं होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मुलगी पहिलं पान घेऊन गावभर फिरली. नळावर, बाजारात, मासळीवाल्याच्या फळीवर ते पसरून दाखवलं, जागच्या जागी मोजून दाखवलं. लोकांनी हाव हा शब्द परत घेतला, तसा लोकांना तो जड नव्हताच. आता ते धाकटीबद्दल बोलायला लागले.

काकू एकदाच तिच्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "चूक सगळ्यांची होते गं. पण तू माझ्यासमोर चहा प्यायलीस." एवढंच म्हणून गेली. पोरगी काकूकडेच राहिली, दहावी झाली, मग दुसऱ्या शहरात परिचारिकेचं शिकायला गेली. मावशीने पाठवलेली पाकिटं न उघडता परत यायची. तिसऱ्या वर्षी धाकटीने पाठवणं बंद केलं.

तिला पुन्हा कुणी छापखान्यात घेतलं नाही. एका धुलाई केंद्रात कपड्यांवर नंबर शिवायचं काम मिळालं, ते तिने एकवीस वर्षं केलं. मी अधूनमधून जायची. ती नीटनेटकी राहायची, व्यवस्थित जेवायची, खोलीत कधी पसारा नसे. फक्त हसणं असं नव्हतंच. मी एकदा म्हटलं, "किती वर्षं स्वतःला शिक्षा करणार?" ती म्हणाली, "शिक्षा कसली? मी कामाला जाते, येते." आणि मला बसायला खुर्ची पुसून दिली.

गेल्या वर्षी तिच्या छातीत पाणी झालं. सरकारी दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, जवळचं कुणी असेल तर कळवा. मी मुलीचा पत्ता काढला. ती आता चाळिशीची, मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिका. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं आणि "बघते" म्हणाली. येईल असं मला वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. आईसारखी उंच झाली होती. खाटेशी उभी राहून तिने आधी कागद वाचले, सलाइनचा थेंब बघितला, उशी सरळ केली. धाकटीने डोळे उघडले आणि तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. मुलगी म्हणाली, "श्वास घेताना डाव्या बाजूला दुखतं का?" धाकटीने मान हलवली. "मग या कुशीवर नका झोपू." पूर्वी ती मावशीला अगं-तुगं करायची.

मग तिने पाणी मागवलं आणि मावशीचं तोंड, मान, हात पुसून काढले, एकेक बोट वेगळं करून, कामावर पुसतात तसे. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही तिने त्याच फडक्याने टिपलं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "फार दिवस नाहीत. चार, फार तर पाच."

"राहशील?"

व्हरांड्यात एक बाई फरशी पुसत होती, ती आमच्या पायांपर्यंत येऊन थांबली तेव्हा आम्ही बाजूला झालो.

"मी माफ केलेलं नाही," मुलगी म्हणाली. "करता येईल असं वाटून आले होते. नाही जमलं." मग पर्समधून रजेचा अर्ज काढला, भिंतीवर टेकवून त्यात दिवसांचा आकडा भरला आणि तो टपालात टाकायला माझ्याकडे दिला. त्यात पाच दिवस लिहिले होते. धाकटी सहाव्या दिवशी पहाटे गेली. मुलगी तिथेच होती.